चौथा डबा

भालचंद्र वैरागडेनं पंच्याऐंशी सालच्या गणपतीनंतर मराठी मंडळाच्या बोर्डावर जो कागद लावला, त्यावर पहिलंच वाक्य असं होतं: ‘पाहुणे बसले पाटावर हा सिनेमा विनोदी नाही. त्यातले लोक पडतात, आणि आपण ते पडले म्हणून हसतो. पडणं म्हणजे विनोद असता तर आमच्या कारखान्याच्या वाइंडिंग शॉपच्या पायऱ्यांना बक्षीस मिळालं असतं.’

झालं. भोपाळच्या कारखान्याच्या टाउनशिपमधली दीडशे मराठी घरं पेटली.

कारण ‘पाहुणे बसले पाटावर’ हा साधा सिनेमा नव्हता. तो मंडळाचा सिनेमा होता. दरवर्षी गणपतीत एकदा, मग संक्रांतीच्या आसपास एकदा, आणि दुसऱ्या सिनेमाची प्रिंट वेळेवर आली नाही तर आणखी एकदा. लोकांना त्यातले संवाद पाठ. शिवाजी नगरचे, कोटरा सुल्तानाबादचे नातेवाईक रविवारी डबे घेऊन तो बघायला यायचे. आणि हा एकवीस वर्षांचा पोरगा, दहावीनंतर आयटीआय, अजून अप्रेंटिस, म्हणतो की विनोदी नाही!

भालचंद्रला सिनेमा कुणी शिकवला नव्हता. पाचव्या वर्षापासून तो जे दिसेल ते बघत आला होता. हिंदी, मराठी, एकदा तर भाषा न कळताच तमिळ. जेवणाच्या सुट्टीत मंडळाच्या खोलीतल्या हिंदी टाइपरायटरवर दोन बोटांनी खडखड खडखड चार ओळी बडवायच्या, भोंगा झाला की पळायचं. दुसऱ्या दिवशी पुढच्या चार. त्या मशीनला ‘ळ’ नव्हता, तो नंतर बॉलपेननं भरायचा. कागदाचं नाव ‘पडद्यावरचं’. जत्रेत दोन भाऊ हरवले की मी घड्याळ बघतो, असं तो लिहायचा. हिरोचा मित्र जाडा आहे म्हणून हसायचं हे मला जमत नाही, असंही. शॉपमधले भोपाळी दोस्त त्याला भालू म्हणायचे आणि मराठी येत नसलं तरी कागद वाचून घ्यायचे. “क्या लिखा बे भालू? किसकी वाट लगाई?”

त्या कागदाच्या शेवटी त्यानं लिहिलं होतं, की मराठीतला सगळ्यात चांगला विनोदी सिनेमा ‘जावक क्रमांक सत्तावीस’ आहे आणि तो कुणालाच माहीत नाही.

“माहीत नाही कसा?” वसंतराव देशकर म्हणाले. वसंतराव म्हणजे मंडळाचे कार्यवाह. कारखान्यात हिशेब विभागात मोठ्या हुद्द्यावर, आणि गेली बारा वर्षं मंडळाची खुर्ची त्यांचीच. त्यांनी भालचंद्रला बोर्डासमोरच गाठलं. मागे सात-आठ लोक जमले. “एकोणऐंशी साली आपण तो लावला होता. याच हॉलमध्ये. तू तेव्हा कुठं होतास?”

“तेव्हा टायफॉइड झाला होता मला, काका. मी तो नंतर नागपूरला बघितला, मामाकडे गेलो होतो तेव्हा.”

“मग ऐक. तासाभरानं खुर्च्या उठायला लागल्या. मी स्वतः उठलो. एका शेळीला हार घालतात, शेळीला जीपमध्ये बसवतात, कलेक्टर शेळीला नमस्कार करतो. का? तर काही नाही! नुसता आचरटपणा. आणि हा तुझा सगळ्यात चांगला सिनेमा?”

लोक हसले. हसले ते भालचंद्रला.

आता खुर्च्यांचं सांगायला पाहिजे. क्लबच्या हॉलमध्ये खुर्च्या फक्त पहिल्या दोन रांगांना, त्या साहेब लोकांना. बाकीच्यांनी आपापली घरून आणायची. कुणी घडीची खुर्ची, कुणी स्टूल, कुणी नातवाचा पाळण्यातला लोड. सिनेमा आवडला नाही की कुणी ओरडत नसे, शिट्टी मारत नसे. शांतपणे आपली खुर्ची उचलायची आणि घरी जायचं. अंधारात फरशीवर खुर्ची घासल्याचा आवाज आला की समजावं, एक मत गेलं.

भालचंद्र म्हणाला, “काका, पुन्हा लावा.”

“काय?”

“तोच सिनेमा. लोक उठले तर मी कागद लिहिणं बंद करतो.”

बोलून गेला खरा, पण पैज मोठी होती. कारण कागद म्हणजे त्याचं सगळंच होतं. घरी वडील गजाननराव, क्रेन ऑपरेटर, सिनेमाचं नाव काढलं की रेडिओ मोठा करायचे. शॉपमध्ये तो अप्रेंटिस नंबर चाळीस. फक्त त्या बोर्डापुढं तो कुणीतरी होता. लोक भांडायला का होईना, त्याचं नाव घेऊन यायचे.

वसंतरावांनी मागे वळून माणसं बघितली. साक्षीदार भरपूर होते. “ठीक आहे,” ते म्हणाले. “पुढच्या महिन्यातला रविवार. निम्म्या खुर्च्या उठल्या, तर हा कागद उतरला. कायमचा. आणि तो तू स्वतः उतरवायचास.”

त्या महिनाभरात भालचंद्रचा स्वतःवरचा विश्वास रोज थोडा थोडा झिजला. जो भेटेल तो एकोणऐंशीची गोष्ट सांगायचा. रजनीकाकू म्हणाल्या, “अरे, मला तर वाटलं मीच झोपले होते मधे. विचारलं शेजारच्या बाईंना, तर त्याही म्हणाल्या काही कळेना.” मोहन जोगळेकर, जो कशालाही हसायचा, तो म्हणाला, “नाही रे भाल्या. मीसुद्धा नाही हसलो.” सगळे मिळून खोटं कसं बोलतील? नागपूरच्या त्या टॉकीजमध्ये अकरा माणसं होती आणि अकराही हसून हसून लोळत होती, हे त्याला आठवत होतं. पण तो तेव्हा पंधरा-सोळाचा होता. त्या वयात माणूस कशालाही हसतो. कदाचित सिनेमा खरंच फालतू असेल. कदाचित त्या दिवशी मामानं चारलेल्या तर्री-पोह्यांचा आनंद असेल.

रविवार उजाडला. प्रिंट अमरावतीहून शनिवारीच आली होती. साडेअकराला भालचंद्र हॉलच्या मागच्या मशीनच्या खोलीत गेला. तिथं दत्तूकाका बसले होते. दत्तूकाका कारखान्यात फोरमन आणि मंडळाचे मशीनवाले. सोळा एमएमचं ते प्रोजेक्टर फक्त त्यांचं ऐकायचं.

टेबलावर रिळांचे पाच डबे ओळीनं मांडलेले. सहावा डबा कोपऱ्यात स्टुलावर, आणि त्यावर चहाचा ट्रे.

“काका, तो एक डबा तिकडं का?”

“तो चौथा,” दत्तूकाका कपात फुंकर मारत म्हणाले.

“हो, पण तिकडं का?”

“चौथा आपण लावत नाही.”

भालचंद्रला वाटलं काका गंमत करतायत. “लावत नाही म्हणजे?”

“अरे, तुला माहीत नाही होय? मला वाटलं माहीत असेल.” दत्तूकाकांनी कप ठेवला, तोही त्याच डब्यावर. “सव्वाबाराला सुरू. अडीचला संपलंच पाहिजे, आपल्यातल्या भट्टीवाल्यांची तीनची पाळी असते, त्यांना रविवार नाही. सहा रिळं, वीस-वीस मिनिटांची. मधे रीळ बदलायला दोन-दोन मिनिटं. आधी कार्यवाहांचं भाषण. बसत नाही वेळेत. म्हणून एक काढायचं. सत्तर-एकाहत्तरपासून असंच आहे.”

“पण चौथंच का?”

“मग कोणतं काढणार? पहिल्यात लग्न ठरतं, दुसऱ्यात मोडतं, सहाव्यात लागतं. चौथ्यात काय असतं? गाणं, नाहीतर आजारपण.”

भालचंद्र स्टुलाशी गेला. ट्रे खाली ठेवला, कप खाली ठेवला, डबा दोन्ही हातांनी उचलला. त्याला हसू येत होतं आणि रडूही. “काका, शेळी कागद खाते ते याच्यात आहे.”

“कोणता कागद?”

“साहेबाच्या बढतीचा हुकूम! मूळ प्रत! दुसरी प्रतच नाही! ती शेळी पंचनाम्यातली आहे, कारकुनानं तिला जावक रजिस्टरात सत्तावीस नंबर दिलाय, आणि ती हुकूम खाऊन टाकते. म्हणजे आता हुकूम शेळीच्या पोटात. शेळी म्हणजेच मूळ कागद! म्हणून तिला हार, म्हणून तिला जीप, म्हणून नमस्कार!”

दत्तूकाकांनी डब्याकडे बघितलं. मग त्यांची मान हळूहळू हलायला लागली. “अस्सं,” ते म्हणाले. “म्हणून ती शेळी.” आणि सहा वर्षं उशिरा, एकट्यानं, चहाचा ठसका लागेपर्यंत हसले.

पंधरा वर्षं. टाउनशिपनं पंधरा वर्षं एकाही मराठी सिनेमाचं चौथं रीळ पाहिलं नव्हतं. रीळ बदलताना दिवे लागायचे, पोरं पाणी प्यायला पळायची, पुन्हा अंधार व्हायचा आणि पडद्यावर नायक एकदम तुरुंगात असायचा. लोकांना वाटायचं, सिनेमा असाच असतो. मधे काहीतरी होतं आणि ते आपण समजून घ्यायचं.

भालचंद्र डबा काखेत मारून हॉलमध्ये धावला. हॉल भरत आला होता. एवढी गर्दी गणपतीतही नसायची, सगळे त्याचा कागद उतरलेला बघायला आले होते. भट्टीवरची भोपाळी पोरं भिंतीला टेकून उभी. “भालू, पिक्चर चलेगी कि कुर्सी उठाएँ?”

वसंतराव स्टेजजवळ भाषणाचे कागद लावत होते. भालचंद्रनं धापा टाकत सगळं सांगितलं.

“हे बघ,” वसंतराव म्हणाले, “ती पद्धत मी सुरू केलेली नाही. माझ्या आधीपासूनची आहे. आणि कधी कुणाची तक्रार आलेली नाही.”

“कुणाला माहीतच नाही तर तक्रार कोण करणार, काका?”

“वेळेचं काय? अडीचला हॉल सोडायचा म्हणजे सोडायचा. तू घड्याळाला सांगणार आहेस का?”

“सहा रिळं आणि बदलायचा वेळ, एकशे तीस मिनिटं. आत्ता सव्वाबाराला सुरू केलं तर दोन पंचवीसला संपतं.”

“आणि माझं मनोगत?”

भालचंद्रनं काकांच्या हातातले कागद बघितले. वीस मिनिटांचं मनोगत. विषय होता ‘परप्रांतातील मराठी माणूस व त्यापुढील आव्हाने’. पहिल्या रांगेतले साहेब लोक ऐकत होते. कारखान्यात वसंतरावांच्या सहीशिवाय कुणाचा प्रवासभत्ता सुटत नसे, त्यामुळे कुणी तोंड उघडेना.

तेवढ्यात दुसऱ्या रांगेतून विजयावहिनी उठल्या. विजयावहिनी म्हणजे वसंतरावांच्या सौभाग्यवती. बाई शांत, कधी चारचौघांत बोलायच्या नाहीत. त्यांनी पर्समधून चष्मा काढला, डब्यावरचा चार आकडा नीट बघितला.

“म्हणजे इतकी वर्षं,” त्या म्हणाल्या, “तुमचं भाषण बसावं म्हणून सिनेमा कापत होते?”

“तसं नाही, विजया...”

“मग कसं?”

“वेळेचं नियोजन...”

“आज नियोजन असं करा. भाषण घाला त्या डब्यात, आणि डब्यातलं लावा मशीनवर.”

हॉल असा काही फुटला, की सिनेमा सुरू व्हायच्या आधीच लोकांनी डोळे पुसले. भट्टीवरच्या भोपाळी पोरांना मराठी कळत नव्हतं, पण बायको नवऱ्याला बोलली एवढं कळलं आणि तेवढं पुरलं. वसंतरावांनी कागदांची घडी घातली, खिशात ठेवली. “ठीक आहे,” ते म्हणाले. “सगळं दाखवा. पण उठले, तर उठले. मग सबब चालणार नाही.”

सव्वाबारा. दिवे गेले.

पहिलं रीळ बरं गेलं. कारकून भित्रा, साहेब ओरडणारा, लोक गालात हसले. दुसरं जरा संथ. भालचंद्र मशीनच्या खोलीच्या दारात उभा, कान फरशीला. तिसऱ्या रिळात, शेळी ऑफिसात आली आणि तिला नंबर कोणता द्यायचा यावर दहा मिनिटं वाद झाला, तेव्हा एक खुर्ची घासली. मग दुसरी. मग एका बाजूला तीन-चार एकदम. तो प्रत्येक आवाज मोजत होता. लोकांना एकोणऐंशी आठवत होतं. शेळी दिसली आणि ते आधीच उठायला लागले होते.

तिसरं रीळ संपलं. दिवे लागले. दारात दहा-बारा माणसं खुर्च्या काखोटीला मारून उभी होती. अलका टेंभेकर, शाळेतल्या बाई, तिथंच होत्या. भालचंद्र त्यांच्यापुढं जाऊन उभा राहिला. हात जोडले नाहीत. नुसतं म्हणाला, “बाई, जे तुम्ही कधीच बघितलं नाही ते आता आहे. दोन मिनिटं थांबा. मग जा.”

“दोन मिनिटं?”

“दोनच.”

त्या दारातच खुर्ची मांडून बसल्या. त्यांच्यामागे बाकीचेही टेकले, कुणी दाराला, कुणी भिंतीला.

चौथं रीळ लागलं. कधी न वापरलेलं असल्यासारखं स्वच्छ, एक चरा नाही त्यावर. दुपारची वेळ, ऑफिस रिकामं, कारकून डबा खातोय. टेबलावर हुकूम. खिडकीतून शेळीचं तोंड. कारकून तिला पोळीचा तुकडा दाखवतो, ती पोळीला हुंगते, नापसंती दाखवते, आणि अत्यंत शांतपणे, कोपऱ्यापासून, शिक्क्यासकट हुकूम खायला लागते. कारकून ओरडत नाही. ओरडायची त्याला सवयच नाही. तो उभा राहतो, टोपी नीट करतो आणि शेळीला म्हणतो, “बाई, मूळ प्रत आहे ती.”

मोहन जोगळेकर पहिला हसत सुटला. मग डावी बाजू. मग एकदम सगळं. शेळीनं शेवटचा तुकडा गिळून ढेकर दिल्यासारखं तोंड केलं, तेव्हा भालचंद्रला दत्तूकाकांचं मशीन ऐकू येईना.

आणि मग पाचवं रीळ. ज्याच्यावर एकोणऐंशीत हॉल रिकामा झाला होता, तेच. साहेब घामाघूम होऊन विचारतो, “मूळ कागद कुठाय?” कारकून काही बोलत नाही. हळूच शेळीकडे बघतो. बास. तेवढंच. हॉलमध्ये रजनीकाकू शेजारणीच्या मांडीवर थापा मारत होत्या. शेळीला हार घातला, लोक कोसळले. शेळीला जीपमध्ये पुढं बसवलं आणि साहेब मागं, लोकांना श्वास घेता येईना. भट्टीवाला एक जण भाषा न कळताच भिंतीवरून घसरत खाली बसला, “अरे बकरी के पेट में परमोशन है साले का!” कलेक्टरनं नमस्कार केला तेव्हा पहिल्या रांगेतून एक बारीक, शिट्टीसारखा आवाज आला. वसंतराव देशकर रुमाल तोंडात धरून हसत होते, आणि रुमाल पुरत नव्हता.

दोन सव्वीसला सिनेमा संपला. कुणी हललं नाही. भट्टीवाले हलले, त्यांना पळावंच लागलं, पण पळता पळता भालचंद्रला खांद्यावर घेऊन दारापर्यंत घेऊन गेले आणि तिथं पोत्यासारखा टाकून गेले. दारात अलकाबाई अजून बसल्या होत्या, डोळे पुसत. “दोन मिनिटं म्हणालास,” त्या म्हणाल्या. “लबाड.”

लोकांनी मग दत्तूकाकांना घेरलं. मागच्या वर्षीच्या सिनेमात त्या विधवेचा भाऊ मधेच आंधळा कसा झाला होता? तो इन्स्पेक्टर शेवटी कुठून येतो? पंधरा वर्षांचे प्रश्न निघाले. काका म्हणत होते, “मला काय माहीत? मीही नाही बघितलं!”

वसंतराव आले. हात पुढं केला. भालचंद्रनं वाकून नमस्कार केला तर त्याला उठवलं. “कागद राहिला,” ते म्हणाले. “शब्द म्हणजे शब्द. पण आता मला एक सांग. ‘पाहुणे बसले पाटावर’ तू कुठं बघितलास?”

“इथंच, काका.”

“चौथ्या रिळाशिवाय.”

भालचंद्रनं मनात हिशेब केला. खरंच की. बारा वेळा बघितला होता, आणि बाराही वेळा पाच रिळांचा. ज्या गोष्टीसाठी तो अख्ख्या टाउनशिपशी भांडला, तीच त्यानं स्वतः केली होती. तो सरळ म्हणाला, “चुकलं, काका. पूर्ण न बघता लिहिलं. मागवा. पूर्ण चांगला निघाला तर मी बोर्डावर माफी लिहीन, मोठ्या अक्षरात.”

“मोठ्या अक्षरात,” वसंतरावांनी बजावलं. त्यांच्या चेहऱ्यावर रंग परत आला.

तीन आठवड्यांनी तोही लागला. भाषणाशिवाय. भालचंद्र या वेळी मशीनच्या खोलीपाशी न थांबता लोकांत बसला, वसंतरावांच्या शेजारी, घरून आणलेल्या स्टुलावर. मनातून त्याला खरोखर वाटत होतं की त्या डब्यातून काहीतरी निघावं. एखादी शेळी. माफीसुद्धा त्यानं टाइप करून ठेवली होती.

चौथं रीळ सुरू झालं. पाहुणा पाटावरून पडला. दुसरा पाहुणा त्याला उचलायला गेला, तोही पडला. सासरे पडले. स्वप्नात गाणं झालं, त्यात नाचताना नायिका पडली. जागी झाली, पलंगावरून पडली. वीस मिनिटांत सतरा जण पडले, मोहननं मोजले. त्यातला एकही पडला नसता तरी पाचव्या रिळात काही बिघडलं नसतं. आणि ज्यांना सगळे संवाद पाठ, ते लोक गप्प बसून होते. कुणीतरी मोठ्यानं जांभई दिली. ती विजयावहिनींची होती.

दिवे लागले. सगळ्यांच्या माना वसंतरावांकडे. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

“भालचंद्र,” ते म्हणाले, “लिही. माझ्या नावानं लिही.”

“काय लिहू, काका?”

“की पहिली तीन रिळं चांगली आहेत.”

“दोन,” भालचंद्र म्हणाला.

“अरे, तिसऱ्यात तो न्हावी येतो, तो चांगला आहे.”

“न्हावी अर्धं रीळ आहे.”

“मग अडीच.”

भालचंद्रनं विचार केला. न्हावी खरंच चांगला होता. तो पडत नव्हता. “अडीच चालेल,” तो म्हणाला.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत भोंगा व्हायच्या आत त्यानं ते बडवून काढलं, एका दमात. ‘पाहुणे बसले पाटावर: पहिली अडीच रिळं पाहावीत. मत क्रमांक एक, श्री. व. ना. देशकर, कार्यवाह.’ खाली जागा मोकळी सोडली. संध्याकाळपर्यंत पेननं लिहिलेली आणखी नऊ मतं आली होती, आणि रजनीकाकूंनी तर कागद पुरेना म्हणून दुसरा डकवला होता.